काळोख्या फॅन्टसी प्रेमकादंबऱ्या: मराठवाड्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीलोकातले क्रूर राजे, शापित दरबार आणि त्या दरबारांच्या कैदेत राहून प्रेमात पडणाऱ्या नायिका, असा ऐवज असलेल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या आता छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेडच्या महाविद्यालयीन वाचकांच्या हातांत सर्रास दिसतात. त्यांच्याविषयी वाचक, पालक आणि क्वचित ग्रंथपाल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्यांची ही उत्तरे आहेत. ती एका वाचकाने दिलेली असल्यामुळे त्यांत आवडनिवड लपवलेली नाही. कोणत्याही एका पुस्तकाची शिफारस करण्याचा हेतू नसल्याने या कादंबऱ्यांची नावे मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत.

काळोखी हाय फॅन्टसी प्रेमकादंबरी म्हणजे नेमके काय?

अशा कादंबरीची कथा आपल्या जगात घडत नाही. तिला स्वतःचा भूगोल, राजवंश, देवदेवता आणि जादूचे कायदे असतात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर जे व्याख्यान दिले, त्यात अशा रचलेल्या जगाला त्यांनी दुय्यम जग म्हटले होते आणि त्या जगाच्या अंतर्गत नियमांना लेखक जागला तरच वाचक त्यात शिरतो, असे मांडले होते. ही अट येथेही लागू आहे. फरक इतकाच की येथे राज्य कोण जिंकणार यापेक्षा ती दोघे एकत्र येणार का, या प्रश्नावर कथेचा भार असतो. प्रेमकथा काढून घेतली तर उरलेल्या लढाया आणि कारस्थाने स्वतःच्या बळावर उभी राहत नाहीत. काळोखी हे विशेषण कैद, छळ, युद्ध, विश्वासघात आणि नैतिकदृष्ट्या संशयास्पद नायक यांच्यासाठी लावले जाते. भीती वाटणे हा येथे मूळ हेतू नसतो, म्हणून भयकथेच्या अपेक्षेने वाचणाऱ्याची निराशा होते.

आपल्याकडे हा प्रकार नव्हताच. मग पैठण-परभणीच्या वाचकाने यात काय शोधावे?

नव्हता, हे विधान पैठणच्या वेशीपर्यंतही टिकत नाही. सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्याची दंतकथा पाहावी. राजाला संस्कृत व्याकरण शिकवायला सहा वर्षे लागतील असे गुणाढ्य म्हणाला, दरबारातल्याच दुसऱ्या पंडिताने, शर्ववर्म्याने, ते सहा महिन्यांत करून दाखवतो असे सांगितले, आणि तसे घडल्यास आपण संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडू अशी पैज गुणाढ्य लावून बसला. पैज हरल्यावर तो मुका होऊन विंध्याच्या अरण्यात गेला, तेथे पैशाची ही पिशाचांची भाषा शिकला आणि शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती नाकारल्यावर एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो ते अग्नीत टाकत गेला. राजा धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते आणि नरवाहनदत्त या राजपुत्राच्या कथेचे एक लाख उरले होते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरातून ती परंपरा आपल्यापर्यंत पोहोचते. त्यात विद्याधरांची, म्हणजे मायावी विद्या जाणणाऱ्या आकाशगामी उपदेवतांची, राज्ये आहेत, आकाशमार्गाने होणारी अपहरणे आहेत, शाप आणि उःशाप आहेत. प्रेताला खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेनही, सोमदेवाच्या सांगण्याप्रमाणे, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच, म्हणजे आपल्या पैठणचाच.

छापील मराठी कादंबरीची सुरुवातही फार वेगळी नव्हती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. दोन्ही अद्भुतरम्य, दोन्हींत विरह, संकटे आणि अखेरचे मीलन. पुढे हरि नारायण आपटे यांच्यापासून वास्तववादी कादंबरी प्रतिष्ठित झाली आणि अद्भुताला पोरकट समजण्याची सवय आपल्याला लागली, ती अजून सुटलेली नाही.

नव्या कादंबऱ्यांनी केलेला बदल मात्र मोठा आहे. कथासरित्सागरात नरवाहनदत्ताच्या लाडक्या मदनमंचुकेला मानसवेग नावाचा विद्याधर पळवून नेतो, आणि कथा लगेच नायकाच्या मागे निघते. तो तिला शोधतो, वाटेत आणखी विवाह करतो, चक्रवर्ती होतो. कैदेतल्या त्या स्त्रीच्या मनात दिवसरात्र काय चालले असेल, याला तेथे फारच थोडी जागा मिळते. आजची काळोखी प्रेमकादंबरी आपली सहाशे पाने नेमकी त्या कैदेतल्या स्त्रीला देते. मराठवाड्यातल्या वाचकाने यात काय शोधावे, याचे माझे उत्तर हेच आहे.

परी म्हणजे पंख असलेली चिमुकली, प्रेमळ आकृती ना? मग या कादंबऱ्यांतले परीलोक इतके क्रूर का?

पंखांची चिमुकली परी ही मुख्यतः बालवाङ्मयाची देणगी आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या लोकसमजुतींतले परीलोक उंच, देखणे, दीर्घायुषी आणि धोकादायक असतात. त्यांना लोखंड सोसत नाही, ते माणसांची मुले पळवतात, त्यांच्या घरचे अन्न खाल्ले तर परतीची वाट बंद होते आणि त्यांना दिलेला शब्द अक्षरशः पाळावा लागतो. त्यांचा राग ओढवू नये म्हणून गावकरी त्यांचा उल्लेख ‘भली माणसे’ अशा गोड नावांनी करीत. ग्रीक कथेतील पर्सिफनीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला दरवर्षी काही महिने तेथे राहावे लागले. आधुनिक कादंबरीतील जेवणाच्या प्रसंगांमागे ही कथाही उभी असते.

ज्या घरांत साती आसरांना मानतात, तेथल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. विहिरीच्या किंवा नदीच्या डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड, त्यांना वाहिलेल्या हिरव्या बांगड्या, खणानारळाची ओटी, भर दुपारी एकट्या मुलीने त्या बाजूला फिरकू नये हा आजीचा दंडक, आणि कुणाचे दुखणे हटेना की ‘आसरा लागल्या’ हे निदान: सौंदर्य, पाणी, भीती आणि देणेघेणे यांची ती गुंफण परीलोकाच्या फार जवळची आहे. आश्चर्य एवढेच की या आसरांवर अशी सहाशे पानांची प्रेमकादंबरी मराठीत अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

पहिली शंभर पाने डोक्यावरून जातात. काय करावे?

सगळे समजलेच पाहिजे हा आग्रह सोडावा. आयरिश किंवा वेल्श वळणाच्या नावांचे उच्चार अडखळवतात, म्हणून त्यांना आपल्या सोयीचे उच्चार देऊन पुढे जावे; कोणी परीक्षा घेणार नाही. सुरुवातीचा नकाशा आणि शेवटची नामसूची याचसाठी असतात. राजवंशांचा इतिहास विसरला तरी चालतो, पण जादूची किंमत कोण आणि कशी मोजतो, हे मात्र सुरुवातीपासून लक्षात ठेवावे, कारण कळसाचा प्रसंग बहुधा त्याच नियमावर उलगडतो.

वर्णने वाचूनही ते काळे किल्ले आणि राजवाडे डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत.

युरोपातले किल्ले पाहिलेले असण्याची गरज नाही. एकदा दौलताबादला जावे. तासून उभे केलेले कडे, खंदक आणि खडकातून कोरलेली ‘अंधारी’ ही वळणावळणाची काळोखी वाट चढून गेल्यावर, अशा जागी शत्रूला दिशाच कळू न देणे हेच खरे शस्त्र होते हे अंगाला समजते. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथे येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनात या किल्ल्यातील बंदिवानांची आणि मांजरांहून मोठ्या उंदरांची हकीकत आहे. कोणत्याही काळोख्या फॅन्टसीला ती शोभावी.

मला या प्रकाराच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा वाटतो तो याच किल्ल्यातील चिनी महाल. निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांमुळे त्याला ते नाव पडले. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तेथील शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने याच महालात कैदेत ठेवले आणि तो मरेपर्यंत दौलताबादेतच राहिला. सजवलेल्या भिंती, हाताशी नोकर, आणि दार मात्र बाहेरून बंद. या कादंबऱ्यांच्या नायिका ज्या दालनांत रेशमी अंथरुणावर जाग्या होतात, त्यांचे इतके अचूक चित्र पुस्तकातल्या वर्णनांतही सहसा मिळत नाही.

नायक खुनी, अहंकारी, कधी तर नायिकेचा कैदखानाच सांभाळणारा असतो. तरीही तो आवडतो. हे चुकीचे आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, बहुतेक वेळा आवाज खाली करून. आवडणे चुकीचे नाही, पण ते का आवडते हे तपासून पाहण्यासारखे आहे. पहिले कारण या प्रकाराच्या घडणीत आहे. प्रेमकादंबरी हातात घेतानाच वाचकाला ठाऊक असते की हा माणूस नायिकेला अखेर मारणार नाही. या खात्रीमुळे भीतीच्या अगदी जवळ जाता येते आणि तरी सुरक्षित राहता येते. दुसरे असे की कथा बहुधा नायिकाच प्रथमपुरुषी सांगते, त्यामुळे नायकाचे मन शेवटपर्यंत झाकलेले राहते, आणि त्याच्या मौनात वाचक आपल्याला हवा तो पश्चात्ताप, हवी ती माया भरत जातो. नायक जितका कमी बोलतो तितका तो अधिक आवडतो, याचे रहस्य बऱ्याच अंशी एवढेच आहे.

पण माझ्या मते या कादंबऱ्यांच्या मुळाशी करार असतो, आणि त्यांचा कस तेथेच लागतो. नायिका परीराजाच्या दरबारी स्वखुशीने क्वचितच जाते. बहिणीऐवजी, बापाच्या देण्यापोटी किंवा गाव वाचवण्यासाठी ती स्वतःला देऊ करते, आणि प्रेमाचा पहिला शब्द निघण्याआधीच देणेघेणे ठरलेले असते. म्हणून वाचताना काही गोष्टींवर नजर ठेवावी: अटी कोणी घातल्या, त्या तिला पूर्ण सांगितल्या होत्या का, नकार दिला असता तर तिच्यापुढे दुसरी कोणती वाट होती, आणि करारातून बाहेर पडण्याचा मार्ग कोणाच्या हातात आहे.

बीड-धाराशिवकडच्या वाचकाला हे प्रश्न पुस्तकाने शिकवावे लागत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला निघणारे नवरा-बायकोचे जोडपे हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून धरले जाते, आणि ती उचल फिटेपर्यंत त्या दोघांचा हंगाम त्यांचा राहत नाही. वरवर पाहता सारे राजीखुशीचे असते. घरात दाणा नसताना दिलेल्या होकाराचे वजन किती, हे अशा घरात वाढलेली मुलगी जाणते, आणि म्हणून ती परीराजाच्या कराराचे प्रकरण त्याच्या लेखिकेपेक्षाही बारकाईने वाचू शकते. जेथे लेखिका भारावून वर्णन करते तेथे ती थांबते आणि विचारते, की हिला नाही म्हणता आले असते का.

चांगल्या आणि सुमार कादंबरीतला फरकही येथेच कळतो. चांगल्या कादंबरीत एका टप्प्यावर नायकाला आपले वर्चस्व खरोखर गमवावे लागते. तो करार मोडतो, दार उघडतो आणि ती परत येणार नाही ही शक्यता मान्य करतो. ती जातेही, आणि परत आलीच तर ते येणे तिचे स्वतःचे असते. सुमार कादंबरीतही दार उघडते, पण ती प्रेमात पडून चुकल्याची खात्री झाल्यावर. तेव्हा त्या उदारपणाची नायकाला काहीच किंमत पडत नाही. आणखी एक हमखास खूण म्हणजे नायकाचे दुःखद बालपण. ते त्याच्या क्रौर्याचे कारण म्हणून आले तर ठीक, पण पावती दाखवावी तसे पुढे करून मागचे सगळे माफ करून घेतले जात असेल, तर लेखिकेने काम टाळले आहे असे खुशाल समजावे. सुमार कादंबरी वाचूच नये असे माझे म्हणणे नाही. रात्री दोनपर्यंत जागून मीही त्या वाचल्या आहेत आणि पुढेही वाचीन.

माझी मुलगी लातूरला क्लाससाठी राहते. तिच्या खोलीत असे एक पुस्तक सापडले. मी काय करावे?

आधी पुस्तक कोणत्या वयाच्या वाचकांसाठी आहे ते पाहावे. फुले, मुकुट आणि तलवारी यांच्या नक्षीमुळे या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे मुलांच्या पुस्तकांसारखी निरागस दिसतात, आणि दुकानांतही त्या कधी कधी किशोरवयीन विभागात ठेवलेल्या आढळतात, पण त्यांतील अनेक कादंबऱ्या स्पष्ट शृंगारप्रसंग असलेल्या आणि प्रौढांसाठीच लिहिलेल्या असतात. बऱ्याच पुस्तकांच्या सुरुवातीला किंवा लेखिकेच्या संकेतस्थळावर छळ, लैंगिक हिंसा, आत्मघाताचे विचार यांविषयी पूर्वसूचना दिलेली असते. ती आपण वाचावी आणि मुलीलाही वाचायला सांगावी. मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि पुस्तक प्रौढांचे असेल, तर ते आत्ता तुझ्यासाठी नाही असे सरळ सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. ती सज्ञान असेल तर निवड तिची आहे.

दोन्ही परिस्थितींत पुस्तक काढून घेण्याआधी तिला कथा सांगायला लावावी. नायिकेने करार का केला, आणि तो तिने करायला हवा होता का, एवढे विचारले तरी संभाषण बरेच पुढे जाते, आणि हे प्रश्न मुलगी बघायला पाहुणे येऊ लागण्याआधी घरात बोलले गेलेले बरे. नीटच्या वर्षात सहाशे पानांच्या पाच पुस्तकांची मालिका हाती घ्यावी का, हा मात्र वेळेचा प्रश्न आहे. तो नीतीच्या प्रश्नात मिसळू नये. मुलींना ही सरमिसळ लगेच कळते.

शृंगारच बाहेरून आला अशी तक्रार असेल, तर हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती उघडावी. महाराष्ट्री प्राकृतातील त्या सुमारे सातशे गाथांपैकी कितीतरी स्त्रियांच्या तोंडी आहेत, आणि सखीला, सासूला किंवा वाटसरूला उद्देशून त्या जे बोलतात ते फारसे आडपडदे ठेवून बोलत नाहीत. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली सिद्ध केलेली तिची मराठी आवृत्ती चांगल्या ग्रंथालयात पाहायला मिळते.

माझे इंग्रजी बेताचे आहे. मला हे जमेल का?

जमेल. या कादंबऱ्या संवादप्रधान असतात, वाक्ये आखूड असतात आणि तीच ती शब्दसंपदा पुन्हा पुन्हा येते. शस्त्रे, वस्त्रे आणि राजवाड्याचे भाग यांचे शब्द पहिल्या काही प्रकरणांत त्रास देतात, पुढे ते ओळखीचे होतात. ई-पुस्तकात शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहता येतो. विकत घेण्याआधी फुकट मिळणारा नमुना वाचावा; तो ओढून नेत नसेल तर उरलेले पुस्तकही नेणार नाही.

पुस्तके मिळणार कोठे?

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, आणि ब किंवा क वर्गाच्या तालुक्याच्या ग्रंथालयात इंग्रजी फॅन्टसी सापडण्याची शक्यता कमीच. तरीही मागणी लेखी द्यावी. न मागितलेले पुस्तक खरेदीच्या यादीत येत नाही. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या बनावट प्रती घेऊ नयेत. लेखिकेचे नुकसान होते हे तर आहेच, शिवाय त्यांत नकाशा काळा डाग होऊन छापलेला असतो आणि ऐन लढाईच्या प्रकरणातली सोळा पाने गायब असू शकतात.

पहिला भाग संपला, पण शेवट लागलाच नाही. ही फसवणूक नव्हे का?

प्रेमकादंबरीचा संकेत सुखान्ताचा आहे, पण येथे तो एका पुस्तकाला लागू न होता संपूर्ण मालिकेला लागू होतो. पहिला भाग बहुधा ताटातुटीवर किंवा विश्वासघातावर संपतो. काही मालिकांत तर पहिल्या भागातला प्रियकर दुसऱ्या भागात खलनायक ठरतो आणि ज्याला आपण शत्रू समजत होतो तो नायक होतो, तेव्हा पहिल्या भागात फार जीव गुंतवलेल्या वाचकांचा संताप समजण्यासारखा असतो. मला व्यक्तिशः ही उलथापालथ आवडते, कारण तिच्यामुळे पहिल्या भागातल्या त्या गोड वागणुकीकडे आणि त्यामागच्या अटींकडे पुन्हा पाहावे लागते. ज्यांना वाट पाहणे सोसत नाही त्यांनी पूर्ण झालेली मालिकाच निवडावी. आणि पहिला भाग वाचून होईपर्यंत दुसऱ्या भागाचे मलपृष्ठ पाहू नये. पहिल्याचा शेवट तेथे पहिल्याच ओळीत फोडलेला असतो.